हौद्यावरचं झाकण

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन
ऑक्टोबरचा पहिला रविवार

चि. ओंकार यास,


ट्रक घेतलास ते बरं केलंस. ताईची समजूत घालताना मात्र माझी दमछाक झाली. तिच्या लेखी ट्रक म्हणजे विटा वाहणारा, मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेला. बँकेतली नोकरी, दोन पोरं आणि दारात ट्रक, हे गणित तिला सुटेना. शेवटी सांगितलं, अगं, फोर्डची एफ-मालिका इथे 1977पासून सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे, आणि त्यातल्या कितीतरी हौद्यांनी जन्मात वीट पाहिलेली नाही. त्यावर ती म्हणाली, “मग हौदा हवाच कशाला?” तिचं काही चुकलं नाही हं.

हौद्यावरच्या झाकणांचा तुझा तक्ता पाहिला. किंमत, कुलूप, पाणी, पेट्रोलची बचत, असे चार रकाने झकास आखलेस. पण पहिला रकाना हवा होता तो राहिलाच: हौदा पूर्ण उघडा किती वेळा लागतो, आणि तो उघडा करायला किती खटाटोप पडतो. झाकण बसलं की ट्रकची निम्मी डिकी होते. पिशव्या, हॉकीचं सामान, पोरांच्या स्कूटर खुशाल ठेव. फ्रिज आला, शेजाऱ्याचा सोफा आला की झाकणाला वाट द्यावी लागते. गणपतीच्या आधीचा आठवडाभर माझा ट्रक मंडळाचा असतो. मखराची महिरप, भाड्याच्या खुर्च्या, प्रसादाची पातेली, सगळं त्यात. महिरप आडवी घातली की मोडते, म्हणजे ती उभीच न्यायची. म्हणून मी मऊ, गुंडाळायचं झाकण घेतलं. दोन चिमटे सोडले की वळकटी केबिनपाशी जाते आणि सगळा हौदा मोकळा. सप्टेंबरात त्याच्याइतकं गुणी झाकण नाही.

जानेवारीत त्याचे गुण वेगळेच असतात. थंडीत व्हिनाइल आकसतं आणि वाळलेल्या आंबापोळीसारखं ताठ होतं. वळकटी सोडावी तर कड मागच्या फाळक्यापर्यंत पोचत नाही, आणि ओढाओढ केली तर शिवण उसवते. गॅरेजमध्ये ऊब असेल तर काही अडत नाही. तू मिनीआपोलिसमध्ये, गाडी रस्त्यावर. तेव्हा माझं झाकण चांगलं असलं तरी तू ते घेऊ नकोस.

तुला आवडलेलं, कप्प्यात सरकत जाणारं अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं झाकण दिसायला देखणं आहे. पण तो कप्पा हौद्याच्या आतच, केबिनच्या बाजूला बसतो आणि जवळजवळ फूटभर लांबी खातो. तुझा हौदा मुळात साडेपाच फुटांचा! शिवाय खाचांत पाणी गोठलं की पट्ट्या जागच्या हलत नाहीत. फायबरग्लासचं अखंड झाकण तर मनातून काढूनच टाक. ते उतरवायला दोन धडधाकट माणसं लागतात, आणि उतरवल्यावर ठेवायला भिंत.

तुझ्यासाठी उरतं ते कडक, घडीचं झाकण: तीन किंवा चार फळ्या, मध्ये रबरी बिजागऱ्या, कडेला क्लॅम्पने आवळायचं, भोकं पाडायची नाहीत. त्यातही सगळ्या फळ्या केबिनला टेकवून उभ्या करता येतील असंच बघ. उभ्या केल्यावर मागची काच झाकली जाते, तेव्हा आरशांवर भिस्त ठेवून चालवावं लागतं. अर्धवट दुमडून निघालास तर पट्टे बांधल्याशिवाय हायवेला लागू नकोस.

जाहिरातीत 400 पाउंड वजन पेलतं असं लिहिलेलं असतं. ते सगळीकडे सारखं पसरलेलं वजन. एका फळीवर पाय देऊन चढायचा परवाना नव्हे. ओला बर्फ घनफुटाला 20 पाउंडांच्या आसपास भरतो. तुझ्या हौद्याचं तोंड धर 27 चौरस फूट. फूटभर थर साचला की 500च्या वर गेलास. तेव्हा सकाळी काच साफ करशील तेव्हाच झाकणही झाड. ब्रश फोमचा घे, फावडं लावू नकोस.

पाण्याचं म्हणशील तर कुठलंही झाकण हौदा कोरडाठाक ठेवत नाही. हौदा बनवतानाच पाणी निघून जावं म्हणून त्यात भोकं आणि फटी ठेवलेल्या असतात. वरून झाकलं म्हणून त्या बुजत नाहीत. सगळ्यात जास्त पाणी फाळक्याच्या कडेने येतं. तिथली रबरी पट्टी वेगळी मिळते, ती झाकणाबरोबरच मागव. तरी बासमतीचं पोतं रात्रभर मागे ठेवायचं नाही.

पेट्रोलच्या बचतीचा रकाना खोड. फाळका लावलेला असला की हौद्यात हवेचा भोवरा फिरत राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. फाळका उघडा ठेवला की पेट्रोल वाचतं, हा समज ‘मिथबस्टर्स’वाल्यांनी टीव्हीवर खोटा पाडला होता, लावलेल्या फाळक्याचा ट्रक जास्त लांब गेला. झाकणाने थोडा फरक पडत असेल, पण टायरमध्ये हवा नीट भरलीस आणि पाय हलका ठेवलास तर त्याहून जास्त पडेल.

कुलपाचंही तसंच. माझं झाकण सुरीने फाटतं, तुझं फाटणार नाही. पण बहुतेक घडीच्या झाकणांचे खटके फाळका उघडल्यावर हाताशी येतात, म्हणजे फाळक्याचं कुलूप तेच झाकणाचं कुलूप. दारांबरोबर फाळकाही बंद होतो का ते आजच बघ. जुन्या ट्रकांत होतोच असं नाही. (इथे चोर आख्खा फाळकाही काढून नेतात. ताईला सांगू नकोस.)

आणखी एक. 2015च्या मॉडेलपासून तुझ्यासारख्या फोर्ड एफ-150चा हौदा अ‍ॅल्युमिनियमचा आहे. क्लॅम्प पोलादी असले तर रस्त्यावरच्या मिठाच्या पाण्याने दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो. मध्ये रबराची पट्टी घाल, आणि पहिल्या आठवड्यानंतर क्लॅम्प पुन्हा आवळ.

मागवण्याआधी हौद्याची लांबी फाळका लावून आतून मोज. दुकानदार विचारेल ते ट्रकचं वर्ष आणि ही लांबी. दोन्ही जुळल्याशिवाय झाकण बसत नाही, आणि परत पाठवायचा खोका तुमच्या जिन्यातून खाली आणताना सूनबाई तुला काय म्हणेल ते मी इथून ऐकू शकते. आकडा कळव. थँक्सगिव्हिंगला याल तेव्हा खोका न फोडता घेऊन ये, माझ्या गॅरेजमध्ये हीटर आहे. तुझे काका पाना घेऊन आत्तापासूनच तयार आहेत.

तुझी,
मावशी