घोणशीचें बाळंतपण

आमच्या जुन्या शास्त्रकारांनीं जीवसृष्टीचे जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे चार वर्ग पाडले, आणि सापांना पक्ष्यांच्या पंक्तीस, म्हणजे अंडजांत, बसविलें. मनुस्मृतींत तशी स्पष्ट नोंद आहे. वर्गीकरण सोयीचें होतें. पण सृष्टि ही शास्त्रकारांची आज्ञाधारक शिष्या नव्हे. नाग, मण्यार, धामण हे अंडीं घालतात हें खरें. परंतु घोणस, फुरसें, मांडूळ आणि हरणटोळ हे जिवंत पिलांनाच जन्म देतात. ज्या चार सापांच्या विषावर मिळून आपल्याकडे एकच प्रतिविष तयार करतात, त्यांपैकीं दोन, घोणस व फुरसें, या दुसऱ्या पंक्तीचे आहेत. इंग्रजींत यांच्या कुळास 'व्हायपर' म्हणतात. तो शब्दही 'जिवंत' आणि 'प्रसवणें' अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांपासून आला असावा असें कोशकार सांगतात.

ही कांहीं एकाच कुळाची लहर नव्हे. सरडे व साप यांच्या वंशवृक्षांत अंडें सोडून पिलें प्रसवण्याचा प्रकार निरनिराळ्या शाखांवर शंभराहून अधिक वेळां स्वतंत्रपणें उद्भवला आहे, असें प्राणिशास्त्रज्ञ मानतात. त्यांतील युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. जमिनींत घातलेलें अंडें हललें तर बिघडतें आणि थंडीनें गारठलें तर मरतें; पोटांतलें अंडें मात्र आईबरोबर उन्हांत जाऊन बसूं शकतें. घोणशीचा समागम हिवाळ्यांत होतो आणि प्रसूति बहुधा उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाच्या तोंडीं होते. मधले सुमारें सहा महिने ती जड देहानें ऊन शोधीत हिंडते. गर्भ वाढत गेला म्हणजे तिचें खाणेंही कमी होतें. कोंबडीची उबवणी सर्वांना दिसते. हिची कोणास दिसत नाहीं, इतकाच काय तो फरक.

येथें एक चमत्कारिक विरोध आहे. जो अंडीं घालतो तो निर्दय आणि जो पिलांना जन्म देतो तो मायाळू, असें आपण सस्तन प्राणी सहजच धरून चालतों. अजगराची मादी अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून बसते, आणि गारवा पडला तर स्नायू कांपवून त्यांना ऊब देते. नागराजाची मादी पालापाचोळा ओढून घरटें रचते व त्यावर पहारा करते. घोणस मात्र वीस, तीस, क्वचित् साठांहूनही अधिक पिलें प्रसवते आणि निघून जाते. तिच्याजवळ दूध नाहीं आणि पिलांना त्याची गरजही नाहीं. तीं जन्मतःच विष, विषदंत आणि तीं वापरण्याची बुद्धि घेऊन येतात. तिनें जें करावयाचें तें सर्व जन्माच्या आधींच करून ठेवलेलें असतें.

हें पुस्तकांतून वाचणें निराळें आणि पाहणें निराळें. आम्ही राहतों त्या खडकवासल्यास शहर आतां सिंहगड रस्त्यानें शेतांच्या बांधांपर्यंत येऊन ठेपलें आहे. गेल्या ज्येष्ठांत आमच्या शेजारच्या बांधकामावर विटांच्या थप्पीखालीं एक घोणस निघाली. लोहाराच्या भात्यासारखा तिचा फूत्कार ऐकून मजूर पहारी घेऊन थबकले, आणि तेवढ्या अवकाशांत गांवांतला एक सर्पमित्र येऊन पोहोंचला. त्यानें वनखात्यास वर्दी देऊन आंकडीनें तिला हवेसाठीं भोंकें पाडलेल्या मोठ्या डब्यांत घेतलें. रात्र झाली होती, म्हणून सकाळीं सोडावयाचें ठरलें. सकाळीं पाहतों तों आई एका कोपऱ्यांत, आणि सभोंवार एकतीस पिलें! प्रत्येक वीतभर लांब, करंगळीहून बारीक, पाठीवर आईच्याच गडद साखळ्या. दोनतीन अजून पातळ, पारदर्शक पडद्यांत गुंडाळलेलीं होतीं. न फळलेले दोन पिवळे गोळेही बाजूस पडले होते.

त्या पोरानें केलेली सुईणगिरी आम्हीं दुरूनच पाहिली. आंकडीनें त्यानें आईला प्रथम वेगळें केलें. डब्यांत ओलसर फडकें घातलें, कारण कोरड्या हवेंत एवढासा जीव लवकर सुकतो. पाणी उथळ बशींत ठेवलें. खाऊं कांहींच घातलें नाहीं; जन्मतेवेळीं पोटांत बलकाचा सांठा उरलेला असतो आणि पहिली कात टाकीपर्यंत पिलूं त्यावर निभावतें. पडद्यांतलीं पिलें त्यानें फाडून बाहेर काढलीं नाहींत; तीं आपलीं आपण निघालीं. हात मात्र एकदांही लावला नाहीं. पिलूं लहान म्हणून त्याचा दंश लहान नसतो.

मग खरा प्रश्न उभा राहिला. मुकादम म्हणाला, "साहेब, काल एक होती तेव्हां ऐकलें. आज बत्तीस सोडणार काय? माझीं माणसें अनवाणी झोपतात येथें." एक मजुरीण आदल्या सायंकाळीं मारा म्हणणाऱ्यांतच होती, ती आतां म्हणाली, "बाळंतिणीला मारूं नये, दादा." आम्हांस दोघांचेंही पटलें. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें दगावलीं असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत घोणशीचा वांटा मोठा आहे. भीतीला अडाणीपणा म्हणणें सोपें, पण तें पक्क्या घरांत निजणारानें म्हणूं नये. तरी हेंही खरें कीं, त्या एकतिसांपैकीं बहुतेकांना मुंगूस, पक्षी आणि दुसरे सापच संपवितात. आणि विटांच्या थप्पींत उंदीर राहिले, तर ही घोणस मारूनही दुसरी येईल.

तेवढ्यांत आमच्या आळींतल्या एका तरुणानें दोन पिलें पाळावयास मागितलीं. परदेशांत बोआ जातीच्या सापांचीं वेतें घरोघर काढतात, प्रत्येक पिलूं वेगळ्या पेटींत ठेवतात, पहिली कात पडली कीं त्याला उंदराचें पिलूं भरवितात. हें सर्व त्यानें पाहिलें होतें. आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें असें बाळगणें गुन्हा आहे, हें त्यास सांगितलें. कायदा नसता तरीही आम्हीं नाहींच म्हटलें असतें. मांडूळ धनलाभ करून देतें, या वेडगळ समजुतीपायीं तो गरीब, बिनविषारी जीव पकडून, मडक्यांत कोंडून लाखांच्या भावानें विकणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रांत वारंवार पकडल्या जातात. 'पाळलें' असें तेही म्हणतात. ज्या पिलांची आईसुद्धां त्यांना पाळीत नाहीं, त्यांना पाळण्याची हौस ही बहुधा आपलीच करमणूक असते.

मराठींत मात्र पाळणें म्हणजे पोसणें एवढेंच नव्हे. आपण शब्द पाळतों, पथ्य पाळतों, अंतरही पाळतों. वनरक्षकानें दाखविलेल्या त्याच परिसरांतील ओढ्याकांठच्या निर्मनुष्य झाडोऱ्यांत, दोन ठिकाणीं विभागून, पिलें दिवस मावळतांना सोडलीं; आई निराळ्या जागीं. कोणीं कोणाकडे वळून पाहिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मुकादमानें विटांची थप्पी झोपड्यांपासून दूर हलविली, मजुरांना खाटा आणि एक विजेरी आणून दिली, आणि प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्याचा क्रमांक भिंतीवर कोळशानें लिहून ठेवला. त्या प्रकरणांत पाळण्यासारखें जें होतें, तें आमच्या मतें त्यानेंच पाळलें.