कल्हई आणि कळवा

आम्ही कळव्याला राहायला आलो, तेव्हा आईनं गावाहून पितळेचं पातेलं दिलं. काठावर तिच्या लग्नाची तारीख कोरलेली. आमच्या हिंडालियमच्या टोपांत ते पेन्शनर मामलेदारासारखं बसलं. आईच्या प्रत्येक पत्राचा शेवट ठरलेला : 'कल्हई केलीत का, ते कळवा.' पत्त्यातलं कळवा निराळं, हे कळवा निराळं!

एकदा सौ. माहेरी गेली. मी रिकामं पातेलं गॅसवर ठेवून पेपर उघडला. कथील २३२ अंशांना वितळतं, हे मला ठाऊक होतं आणि पातेल्यालाही. बातमी संपेपर्यंत तळाशी रुपेरी थेंब जमले. तरी मी हट्टानं त्यातच ताक ठेवलं. दुपारपर्यंत ते असं कळकलं, की पहिल्याच घोटाला आईची सगळी पत्रं आठवली.

आईला अर्थातच कळवलं नाही. गुपचूप कल्हईवाला गाठला. भाता, नवसागराचा पांढरा धूर, कापसाचा एक फिरता हात, की पातेलं चांदीचं! "साहेब, आत पाणी घालूनच विस्तवावर ठेवा. आणि आतून तारेनं घासू नका," तो आईच्याच सुरात म्हणाला.

आता आमच्या गल्लीत कल्हईवाला येत नाही, आणि आईचं पत्रही. पातेलं मोडीत घालावं, असं ठरत आलं होतं. परवा पुण्याहून लेकीचा फोन आला, "बाबा, आजीचं पातेलं मला हवंय. कल्हई केलीत की कळवा!"