कोर्लईला रविवारी जा

चौल

चि. सोनूस,

रेवदंड्याच्या कोटातल्या चर्चची मापं घ्यायला येतेस हे कळलं, फार आनंद झाला. सातखणीचा मनोरा बघशीलच. डॉमिनिकन पाद्र्यांच्या चर्चपाशी मात्र सावकाश थांब. नारळ-पोफळीच्या वाडीतून आत शिरलं की छप्पर गेलेल्या भिंती लागतात, दगडाच्या सांध्यांत पिंपळाची मुळं घुसलेली. पुढे फ्रान्सिस झेवियरच्या नावानं ओळखलं जाणारं छोटं चॅपेलही आहे. या पडझडीकडे कुणी लक्ष देत नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

पण तेवढंच मोजून परत जाऊ नकोस. बाजारातून निघ, पूल ओलांड आणि कोर्लईला जा. रविवारी सकाळीच जा. तिथं माउंट कार्मेल माउलीचं चर्च आहे आणि ते भरलेलं असतं.

ही माणसं तिथं कशी उरली, ते ऐक. १७३९ला पोर्तुगीजांची वसई पडली, १७४०ला तहात चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली. फिरंगी अधिकारी आणि पैसेवाले निघून गेले. मागे राहिली ती गरीब ख्रिस्ती कुटुंबं. ना त्यांच्या पाठीशी सत्ता होती, ना तोफा. तरी त्यांनी क्रूस सोडला नाही आणि घरातली बोलीही सोडली नाही. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी येतं, अशी ही बोली. आज ती बोलणारे जेमतेम हजारेक असतील. क्लान्सी क्लेमेंट्स नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं तिच्यावर १९९६ साली अख्खं पुस्तक लिहिलं. ती टिकली कशी? एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. त्याहून मोठं कारण म्हणजे सोयरीक. हिंदू किंवा मुसलमान घरांशी लग्नं जुळत नव्हती, तेव्हा आपापसात राहणं आलं. ज्या भिंतीनं ही माणसं वेगळी पडली, तिनंच त्यांची बोली राखली. हे मला सुखाचं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

एका लग्नाला मी तिथं गेलो होतो. मिस्सा मराठीत, गाणी मराठीत. बायका डोक्यावर पदर घेऊन वेदीपुढे गुडघे टेकत होत्या. मिस्सा संपली, दोन म्हाताऱ्या पायरीवर चपला शोधत आपल्या बोलीत भराभर बोलायला लागल्या. मला पाहताच त्यातली एक म्हणाली, "जेवल्याबगर जायचं नाय हां." अस्सल आपल्या अष्टागराची मराठी!

तेव्हा त्यांना पोर्तुगीजांची उरलीसुरली माणसं म्हणू नकोस. पावणेतीनशे वर्षं त्यांनी या मातीतच शेती केली, पोरं वाढवली, मढी पुरली. मराठीत प्रार्थना करू लागले म्हणून त्यांचं काही हरवलं, असं मला वाटत नाही. देवळं पाडणाऱ्या पोर्तुगीज राजवटीचा हिशेब इतिहासानं मागावाच, पण तो या लोकांकडून नव्हे.

जुने दगड राखायचे तर आधी ही माणसं ओळखायला हवीत. तुझ्या वहीत त्यांच्या चर्चसाठी चार पानं ठेव. फोटो काढण्याआधी फादरांना विचार, मिस्सा चालू असताना कॅमेरा पिशवीतच राहू दे. आणि जेवायला थांबवलं तर थांब.

तुझा,
मामा