टँकर

माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांची खबर उन्हाळ्यात सगळ्यांत आधी टँकरला लागते. कोणाकडे पाहुणे उतरलेत, कोणाच्या गोठ्यात म्हैस वाढली, ऊसतोडीवरनं कोण परत आलं, हे त्याला पिंपांच्या रांगेवरून कळतं. रंग विटलेला, मागे गंजकी शिडी, पाठीवर दोन झाकणं. दहिवडीपासून म्हसवडपर्यंत आणि तिकडे कुकुडवाडच्या डोंगरकडेपर्यंत शेंबडं पोरही त्याचा आवाज ओळखतं. ऑक्टोबर 2018 मध्ये राज्यातले 151 तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात माण होताच. पुढच्या उन्हाळ्यात याच्या चाकांना उसंत नव्हती.

गच्च भरलेला असला की हा गडी शहाणा. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन वजन, पण ते जागचं हलत नाही. अर्धा रिकामा झाला की मात्र बिथरतो. ब्रेक दाबला की आतलं पाणी पुढे धावतं, आणि थांबत आलेली गाडी पुन्हा ढकलली जाते. ही लाट मोडायला पोटात आडवे पत्रे बसवलेले असतात, पण वळणावर पाणी बाजूला फेकलं जातं ते त्यांना आवरत नाही. म्हणून जाणता ड्रायव्हर वळणाच्या आधीच गिअर उतरवतो आणि वळणात ब्रेकला पाय लावत नाही. शिंगणापूरच्या घाटात उतरताना तो चढणाऱ्या गाडीला आधी वाट देतो. कायदा तेच सांगतो, पण तो कायद्यासाठी थांबत नाही. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलताना काय जीव जातो, हे त्याला स्वतःच्या खेपांवरून ठाऊक असतं.

मेंढरांचा कळप आडवा आला तर तो हॉर्नला हात लावत नाही. हॉर्न दिला की मेंढरं बुजतात, आणि एक उधळलं की कळपच्या कळप चाकाखाली येऊ शकतो. तो गाडी उभी करतो, धनगर हाळी देतो, वाट मोकळी होते. एवढ्यानं दोन मिनिटं जातात.

खरी परीक्षा मात्र रस्त्याकडेला असते. टंचाईत माणशी दिवसाला 20 लिटर हा सरकारी हिशेब. म्हणजे एक खेप ही 500 माणसांचा एक दिवस. वाटेत कोणी बांधकामवाला हात करतो, "दोन पिंपं सोड की, कोण बघतंय?" दोन पिंपं म्हणजे 400 लिटर, वस्तीवरच्या 20 माणसांचं दिवसभराचं पाणी. जीपीएसला गाडी कुठे थांबली ते कळतं, कॉक कोणी फिरवला ते कळत नाही. मी पाहिलेला एक ड्रायव्हर अशा वेळी काच खाली करून नीट उत्तर द्यायचा, "दादा, हे माझं न्हाय." आणि निघायचा. समोरच्याला शिवी नाही, उपदेश नाही. चालकाच्या धंद्यातली नीती मला याहून स्वच्छ कुठे दिसलेली नाही.

वस्तीवर पोचल्यावरचा त्याचा शिरस्ताही बघण्यासारखा. पोरं शिडीला लोंबकळायला धावतात, बाया कळश्या घेऊन चाकापाशी येतात. तो आधी खाली उतरायचा, गाडीला एक फेरी मारायचा, "आक्का, पोराला धरा वाईच," म्हणायचा, क्लीनरला मागे उभा करायचा आणि मगच रिव्हर्स टाकायचा. क्लीनरनं पत्र्यावर थाप मारली की जागच्या जागी उभा. मग चाकाला दगड. विहिरीत पाइप सोडताना काठावर कोणाला येऊ द्यायचा नाही, कितीही गलका होवो. शेवटी कॉक पुरा उघडून टाकी रिकामी झाल्याचं बायांना दाखवायचा आणि मगच वहीवर त्यांची सही घ्यायचा. आधी सही, मग पाणी, असं त्यानं कधी केलं नाही.

एका संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला. आणखी एक खेप मारायची होती. हा पहाटेपासून चाकावर. म्हणाला, "मालक, डोळं मिटाय लागल्यात. पहाटं चारला काढतो." मग वस्तीवर त्यानं स्वतः फोन केला, आज पाणी येत नाही म्हणून सांगितलं आणि बोलणी खाल्ली. त्या खेपेचे पैसेही गेले. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 च्या कायद्यानं दिवसाला आठ तासांची मर्यादा घालून दिली; टंचाईच्या दिवसांत ती कोणाला आठवत नाही. झोपेला आलेल्या माणसाच्या हाती दहा टन पाणी देऊन त्याला पोरांच्या घोळक्यात पाठवणं हा गुन्हाच आहे, आणि तो ड्रायव्हरचा नव्हे. खेपा वाढवायच्या तर गाडीवर दुसरा ड्रायव्हर द्या, ही मागणी त्यानं एकट्यानं का करावी? टँकर मागायला तहसीलवर मोर्चा जातो, तेव्हा निवेदनात ही ओळही असली पाहिजे.