जखम अंगावर आहे, कागद कुठाय?

टाकव्यापासून वर खांडी-कुसूरपर्यंत आपल्या आंदर मावळात बहुतेक गावांत एखादं तरी ‘मिल्ट्रीवाल्यांचं’ घर असतं. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला आपण या माणसांना झेंड्याला बोलावतो, शाल-नारळ देतो, फोटो स्टेटसला टाकतो. बाकीचं वर्षभर त्यांच्या कागदांचं काय चाललंय ते कुणी विचारत नाही. आजची पोस्ट त्या कागदांबद्दल आहे. लांब झाली आहे, पण घरात, भावकीत कुणी माजी सैनिक असतील तर शेवटपर्यंत वाचा.

आमच्याकडे एक तात्या आहेत. नाव लिहू नको म्हणालेत, म्हणून लिहीत नाही. १९७१ च्या लढाईत पश्चिम आघाडीवर होते. तोफगोळ्याचा तुकडा डाव्या पोटरीत घुसला. पलटणीच्या डॉक्टरनं तिथंच पट्टी बांधली आणि तिसऱ्या दिवशी तात्या परत मोर्चात. पुढं घरची अडचण आली, पेन्शनची १५ वर्षं भरायच्या आत नोकरी सोडून गावी आले, भातखाचरं आणि चार गुरं सांभाळत राहिले. लढाईची पदकं त्यांच्याकडे आहेत, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. ट्रंकेत जुन्या रुमालात बांधून ठेवलीत. पण ती आघाडीवर हजर असल्याची पदकं आहेत. लागल्याचं पदक त्यांना मिळालेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच दुखण्यासाठी पायाचा एक्स-रे काढला, तेव्हा पोटरीत लोखंडाचा कण अजून दिसला. त्यावरून विषय निघाला आणि मी अर्ज लिहून दिला. एका कार्यालयात त्यांना घेऊन गेलो. समोरच्या साहेबांनी एक्स-रे बघितला, पायावरचा व्रण बघितला आणि म्हणाले, “हे ठीक आहे, पण जखमी झाल्याची नोंद कुठाय? ती जोडा.”

बाहेर आल्यावर तात्या एवढंच बोलले, “पैसं नकोत रं मला. लागलं व्हतं एवढं सरकारनं लिवून द्यावं.”

हे पदक नेमकं काय आहे ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्याचं नाव पराक्रम पदक. फौजेत त्याला ‘वूंड मेडल’ म्हणतात. पांढऱ्या फितीवर मधोमध लाल पट्टा. १९७३ मध्ये ते सुरू झालं, पण लागू केलं १५ ऑगस्ट १९४७ पासून. म्हणजे १९४७-४८ चं काश्मीर, १९६२, १९६५, १९७१, नंतर श्रीलंका, कारगिल, अतिरेक्यांविरुद्धच्या मोहिमा, यांत शत्रूच्या थेट कारवाईत जो जखमी झाला तो त्याला पात्र. इथं शौर्य मोजलं जात नाही. वीरचक्राला पराक्रमाची शिफारस लागते, साक्षी लागतात, वरिष्ठांचं मत लागतं. या पदकाला फक्त जखम लागते.

निदान नियमात तरी असंच आहे. प्रत्यक्षात जखमेची नोंद लागते.

आणि नोंद का नसते, तेही समजून घ्या. लढाईत माणूस जखमी झाला की पलटणीतून वर कळवायचं असतं, मग ते त्याच्या सर्व्हिसच्या कागदांत ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणून चढतं. जो इस्पितळात पोचला, ज्याचं ऑपरेशन झालं, त्याचे कागद तयार होतात. जो पट्टी बांधून परत खंदकात गेला, त्याचं लिहून ठेवायला गोळीबारात वेळ कुणाला? कितीतरी जवान तर आपली तुकडी सोडून मागं जावं लागू नये म्हणून लागलेलं सांगतच नसत. शिवाय ज्यांना पेन्शन नाही अशांची जुनी सर्व्हिसची कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी नष्ट केली जातात. तात्यांसारख्याची फाईल आज असेलच याची खात्री कोण देणार? आणि घरातल्या कागदांचं म्हणाल, तर आपल्याकडच्या पावसात आणि वाळवीत पन्नास वर्षं कागद टिकला तर नशीब.

म्हणजे जो जखमी होऊनही लढत राहिला, त्याच्याकडे कागद नाही. आणि कागद नाही म्हणून तो जखमी नाही. या हिशोबात काहीतरी चुकतंय असं तुम्हाला वाटत नाही का?

कुणी म्हणेल, हे लहान माणसांचं होतं, मोठ्यांचं बरोबर होतं. तर मग मुरलीकांत पेटकरांची गोष्ट ऐका. ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा २०२४ मध्ये आला तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी तो पाहिला. हा माणूस मूळचा सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचा. फौजेत ईएमईमध्ये जवान, बॉक्सिंगचा खेळाडू. १९६५ च्या युद्धात सियालकोट भागात गोळ्या लागल्या. नऊ गोळ्या लागल्याचं सांगितलं जातं. कमरेखालचं अंग गेलं. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी इस्पितळात उपचार सुरू असताना व्यायाम म्हणून पाण्यात उतरले. १९७२ मध्ये जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक घेतलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. दुसरं यायला २००४ साल उजाडलं.

पुढं हा माणूस पुण्यात टेल्कोत नोकरी करत राहिला. आपल्या मावळातली किती माणसं त्या कंपनीत होती! त्यांच्याच बरोबर एक सुवर्णपदकविजेता कामाला होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. अर्जुन पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, सिनेमा येऊन गेल्यावर, वयाच्या ८० व्या वर्षी.

पेटकरांचं प्रकरण खेळाच्या पुरस्काराचं आहे, जखमेच्या पदकाचं नाही, हे मला मान्य आहे. पण मुद्दा तोच. त्यांच्या जखमेबद्दल कुणाला शंका नव्हती. सुवर्णपदक जगासमोर घेतलेलं, वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहून ठेवलेली. एवढा पक्का पुरावा असूनही अर्जापासून पुरस्कारापर्यंत ४३ वर्षं गेली. ते दीर्घायुषी म्हणून स्वतःच्या हातानं घेऊ शकले. खाशाबा जाधवांना तेही लाभलं नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणणारे खाशाबा १९८४ मध्ये अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. ज्यांच्या पराक्रमाची नोंद जगानं ठेवली त्यांची ही गत, तर ज्याची नोंद पलटणीच्या वहीतसुद्धा झाली नाही त्यानं काय करायचं?

बाहेर काय करतात ते बघू. अमेरिकेत जखमी सैनिकाला ‘पर्पल हार्ट’ देतात. तिथेही कागदाचा घोळ झाला. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईस शहरातल्या सैनिकी अभिलेखागाराला आग लागली आणि १.६ ते १.८ कोटी सैनिकांच्या फाइली जळाल्या. योगायोग बघा, आपलं वूंड मेडल सुरू झालं तेच हे वर्ष. पण कागद जळाला म्हणून जखम जळाली असं तिथं धरलं नाही. बरोबरच्या सैनिकांची शपथेवरची साक्ष, इस्पितळाच्या दुसऱ्या नोंदी, इतर कागद, असं जोडून पुरावा उभा करायची वाट ठेवली. दुसऱ्या महायुद्धातल्या, कोरियातल्या म्हाताऱ्या सैनिकांना कितीतरी दशकांनी अशी पदकं मिळाली आहेत. सगळ्यांना मिळाली असं नाही, भांडावं तिथंही लागतं. पण दार बंद नाही.

आपल्याकडेही न्यायालयानं हा विचार केलेला आहे, पण पेन्शनच्या बाबतीत. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं की भरती होताना जवान धडधाकट होता असंच धरायचं, तेव्हाच्या कागदावर उलट नोंद नसेल तर. नंतर अपंगत्व आलं तर ते नोकरीमुळे आलेलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही. शंकेचा फायदा जवानाला. माझं म्हणणं एवढंच, की पैशाच्या बाबतीत जर शंकेचा फायदा जवानाला मिळतो, तर ज्यात फक्त मान आहे त्या पदकाच्या बाबतीत का मिळू नये?

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. असं दार उघडलं तर उद्या कुणीही उठेल आणि शेतात कोयता लागलेला व्रण दाखवून पदक मागेल. बरोबर आहे, तपासणी हवीच. पण तपासणी करता येते. पायातला लोखंडाचा कण लष्करी इस्पितळातल्या डॉक्टरांना दाखवा. त्या तारखेला ती पलटण कुठं होती, तिच्यावर मारा झाला का, हे पलटणीच्या युद्धनोंदीत असतं. अशा जुन्या नोंदी साधारणपणे २५ वर्षांनी खुल्या करायच्या असं संरक्षण मंत्रालयाचं २०२१ चं धोरणच आहे. हयात सोबती असतील तर त्यांना विचारा. सरकारकडे इस्पितळं आहेत, नोंदी आहेत, माणसं आहेत. ऐंशीच्या घरातल्या माणसाकडे काय आहे? एक काठी आणि एक प्लास्टिकची पिशवी. मग शोधायचं कुणी?

म्हणून माझी मागणी साधी आहे. कागद नाही या एकाच कारणावर अर्ज परत पाठवू नका. आधी वैद्यकीय तपासणी करा, मग नोंदी बघा, मग सोबत्यांची साक्ष घ्या, आणि त्यानंतर काय ते हो-नाही लेखी कळवा. आणि हे लवकर करा. १९७१ ला जो २० वर्षांचा होता तो आज पंचाहत्तरीत आहे. १९६५ वाला ऐंशीत. नुसतं साक्ष द्यायला उरलेले सोबतीसुद्धा दर पावसाळ्यात कमी होत चाललेत.

सरकारचं सरकार करेल तेव्हा करेल. आपण काय करू शकतो ते सांगतो.

पहिलं, घरातल्या माजी सैनिकाचं डिस्चार्ज बुक आजच बाहेर काढा. प्रत्येक पानाचे मोबाईलवर फोटो काढा आणि घरातल्या दोघा-तिघांकडे ठेवा. नंबर, पलटण, भरती आणि सुट्टीची तारीख एवढं मिळालं तरी पुढचं काम सुरू होतं.

दुसरं, त्यांना बसवून विचारा. कुठं लागलं, कधी, बरोबर कोण होतं, पट्टी कुठं बांधली, कुठल्या इस्पितळात ठेवलं. लिहून काढा, तारीख टाका, त्यांची सही घ्या. बोलतं करा म्हाताऱ्यांना, ते आपणहून सांगत नाहीत.

तिसरं, त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, ईएमईचं सिकंदराबादला, बॉम्बे सॅपर्सचं तर इथंच खडकीला. अर्जाची पोच जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात मागा. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत आणि अर्ज मराठीत चालतो. पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही एक प्रत द्या.

चौथं, जखमेमुळं अपंगत्व असेल तर पदकाबरोबर पेन्शनचंही बघा. यात उशीर केला तर पैसे बुडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालामुळं, उशिरा दाद मागितली तर थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. नकार आलाच तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे.

आणि पाचवं, ग्रामपंचायतीसाठी. माजी सैनिकांना घरपट्टी माफ असते, म्हणजे यादी बरीचशी ग्रामपंचायतीकडे आहेच. येत्या ग्रामसभेत ती यादी वाचून दाखवा आणि प्रत्येक नावापुढं एक रकाना वाढवा, ‘लढाईत जखमी झाले होते का?’ खर्च शून्य. ग्रामसभेच्या इतिवृत्तात ती माहिती आली तर निदान एका सरकारी वहीत ती जखम नोंदली जाईल. ते लष्कराच्या नोंदीची जागा घेणार नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. तात्यांचं नाव यादीत पहिलं टाकायला मी सांगितलंय.

टाकवे, वडेश्वर, सावळा, माऊ, खांडी, कुसूर आणि आसपासच्या वाड्यांतल्या कुणाला अर्ज लिहायला मदत हवी असेल तर मला मेसेज करा. रविवारी मी मोकळा असतो. कागद घेऊन या. कागद नसतील तरी या.