जिथे माणूस नाही तिथला पाऊस

मुळशीच्या काठावर उभं राहून देवाच्या सृष्टीचे गोडवे गाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी एक गोष्ट सांगून टाकतो : बाबांनो, हा तलाव देवानं केलेला नाही, टाटांनी केलाय. पोरं हसतात. मग मी 1921 सालात शिरतो. मुळा आणि नीला या नद्यांचं खोरं, त्यातली भाताची खाचरं, पाण्याखाली जायची असलेली पन्नासावर गावं, पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी शेतकऱ्यांना सोबत घेऊन मांडलेला सत्याग्रह. तो मोडला गेला आणि धरण उभं राहिलं. बापटांच्या नावामागे ‘सेनापती’ लागलं ते याच लढ्यापासून. किती सुंदर निर्मिती, असं म्हणत आपण ज्या पाण्याचा फोटो काढतो त्याच्या तळाशी कुणाकुणाच्या घरांची जोती आहेत. एवढं सांगून झालं की मग एकोणिसावं स्तोत्र उघडायचं.

मी पुण्यातल्या एका सेमिनरीत जुना करार शिकवतो. त्यातही स्तोत्रसंहिता आणि ईयोब ही माझी खास पुस्तकं. पाऊस ओसरला की वर्गाला घेऊन पौडमार्गे ताम्हिणीकडे जायचं, हा आमचा रिवाज. आकाशाकडे पाहिलं की देवाचा महिमा कळतो, हे एकोणिसाव्या स्तोत्राचं सांगणं मराठी ख्रिस्ती घरातल्या पोराला शब्बाथ शाळेपासून पाठ असतं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरवरही असतं. डोंगर मात्र त्यावर स्वित्झर्लंडचे असतात. सह्याद्री देवाच्या महिम्याला कमी पडतो की काय, कोण जाणे!

पाठ असल्यामुळेच बहुधा पुढच्या ओळींकडे लक्ष जात नाही. आकाश बोलतं असं सांगून झाल्याबरोबर स्तोत्रकर्ता म्हणतो की या बोलण्याला शब्द नाहीत, आवाजही नाही. आणि अर्ध्या वाटेत तो सूर्यबिर्य सगळं सोडून परमेश्वराच्या नियमशास्त्राकडे वळतो. ही मुळात दोन वेगळी स्तोत्रं असावीत आणि मागाहून जोडली गेली असावीत, असं अनेक अभ्यासक मानतात. असतीलही. पण जोडणाऱ्यानं ती विचार करूनच जोडली, असं माझं मत आहे. सृष्टी स्तुती करते, पण आपण काय करावं ते सांगत नाही. त्यासाठी बोललेला शब्द लागतो.

हा फरक विसरला की काय होतं, ते 1934 मध्ये जर्मनीत दिसलं. निसर्गातूनही देवाची काही ओळख होते, एवढंच एमिल ब्रुनर म्हणत होता. कार्ल बार्थनं त्याला उत्तर म्हणून पुस्तिका लिहिली, तिचं नावच ‘नाही!’. दोघेही स्विस धर्मशास्त्रज्ञ, दोघेही एकमेकांना मानणारे. पण त्या वेळी जर्मनीतल्या मंडळ्यांमध्ये रक्त, माती आणि वंश यांतच देवाची इच्छा वाचणारे लोक घुसले होते, आणि एकदा दार किलकिलं केलं की कोण कोण आत येतं हे बार्थ पाहत होता. निसर्ग मुका असल्यामुळे त्याच्या तोंडी हवं ते घालता येतं. पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्रात देवाचं सामर्थ्य निर्मितीतून दिसतं असं म्हटलंय खरं, पण तिथे त्याला अविश्वासणाऱ्यांना पुरावा द्यायचा नाही. दिसत असूनही माणूस मूर्तीकडे आणि स्वतःकडेच वळला, ही त्याची तक्रार आहे. बार्थचं ‘नाही’ मला पुरतं पटत नाही, पण वर्गात मी ते आधी शिकवतो.

आमच्याकडे निसर्गाच्या तोंडी हवं ते घालण्याचं साधं, निरुपद्रवी रूप दिसतं ते कारवीच्या बाबतीत. कारवी सात वर्षांनी फुलते. जांभळ्या-निळ्या फुलांनी उतार भरून जातात, मधमाश्यांची चंगळ होते आणि बी धरलं की ते झाड मरतं. एका शिबिरात एका उपदेशकानं यावर छान बोलून दाखवलं : सातवं वर्ष, लेवीय पंचविसावा अध्याय, शब्बाथाचं वर्ष, भूमीचा विसावा. लोक भारावून गेले. आता कारवीचीच बहीण असलेली दक्षिणेतली नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. तिला मग बारा प्रेषित जोडायचे का? वनस्पतिशास्त्रवाले सांगतात ते कारण जास्त रोखठोक आहे : सगळ्यांनी एकाच वेळी इतकं बी टाकायचं की खाणाऱ्यांना ते संपवताच येऊ नये.

विद्यार्थ्यांना मी कारवीचा फुलोरा दाखवतो, पण त्याहून जास्त आवडीनं त्याची सुकी बोंडं दाखवतो. फुलून गेलेल्या वर्षानंतर उन्हाळाभर ती काटकीवर तशीच राहतात, तपकिरी, बोटांना किंचित चिकट. पावसाचं पाणी लागलं की बोंड ओलावा ओढून घेतं, दोन पाळ्या ताणल्या जातात आणि टच्‌दिशी फुटून बी उडतं. एकाचा आवाज नखावर नख आपटल्याइतका. पण पहिल्या सरींत सगळा उतारच फुटायला लागतो तेव्हा बोलणं थांबवून ऐकावं लागतं. याचा आध्यात्मिक अर्थ काय, असं कुणी तरी विचारतंच. काही नाही, असं मी सांगतो. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो.

अर्थ नाही म्हणजे महिमा नाही असं मात्र नव्हे. इथे मला ईयोबाची गरज लागते. पोरंबाळं गेली, अंगभर गळवं आली, मित्रांनी उपदेशानं जीव नकोसा केला. आणि ईयोबानं देवाला जाब विचारला. देव वावटळीतून उत्तर देतो, अडतिसाव्या अध्यायापासून पुढे, आणि त्या उत्तरात ईयोबाच्या दुःखाचा उल्लेखसुद्धा नाही. आहेत त्या रानशेळ्या कधी वितात याच्या चौकशा, कावळ्यांची उपाशी पिल्लं, अंडी जमिनीवर टाकून पळणारी वेडी शहामृगी, कुणाला न जुमानणारा रानगाढव. आणि एक प्रश्न, ज्यावर मी अख्खा तास घेतो : जिथे माणूसच नाही अशा ओसाड जमिनीवर पाऊस पाडतो कोण? पावसाला फार जपणाऱ्या कोरड्या देशातलं हे वाक्य आहे. तिथल्या शेतकऱ्यांच्या हिशेबानं तो पाऊस वाया गेलेला. देव मात्र तो मुद्दाम सांगतो, जणू त्याला त्याचाच जास्त अभिमान आहे.

ताम्हिणीत हे वाचायला जागा योग्य आहे. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाटमाथ्यावर पाच-सहा हजार, एखाद्या वर्षी त्याहूनही जास्त. त्यातला धरणात येणारा थेंब अन् थेंब कुणाच्या ना कुणाच्या खात्यावर मांडलेला आहे. मुळशीचं पाणी डोंगराखालून पश्चिमेला नेतात, भिऱ्याच्या वीजघरात घाट उतरवतात आणि वीज काढून घेतलेलं ते पाणी कुंडलिकेत सोडतात. कोलाडचं राफ्टिंगही त्याच पाण्यावर चालतं. पूर्वेला जायच्या नदीचं पाणी आपण कोकणात उतरवलं. मी धरणविरोधी माणूस नाही, माझ्या घरातही वीज लागते. पण सृष्टी माणसाच्या वापरासाठीच आहे हा समज पवित्र शास्त्रातून आला असं कुणी म्हटलं, की मी ईयोब पुढे करतो. लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकारानं 1967 मध्ये तसं म्हटलं होतं : निसर्गाच्या नासाडीचं मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहे. आमच्यातले पुष्कळ लोक रागावले. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं; फक्त त्यानं उत्पत्तीचा पहिला अध्याय फार वापरला आणि ईयोबाकडे पाहिलंच नाही.

त्याचा आरोप मला बोचतो तो देवराईत. मुळशी-मावळच्या बाजूला अजून देवराया आहेत. वाघजाई, काळकाई अशा देवतांच्या नावानं राखलेल्या. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आसपास कुठे न उरलेली झाडं आणि वेली त्यांना तिथे सापडल्या. वाळलेली काटकीसुद्धा न्यायची नाही, देवीचा कोप होईल, या धाकानं टिकलेलं हे रान. आणि माझी परंपरा काय सांगते? अनुवाद या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात उंच टेकड्यांवरची, हिरव्या झाडांखालची दैवतस्थानं मोडून टाकायची आज्ञा आहे. आठव्या शतकात संत बोनिफेसनं जर्मनीत गाइस्मारला मेघगर्जनेच्या दैवताचा ओक तोडला आणि त्याच्या लाकडाचं प्रार्थनामंदिर बांधलं, ही कथा मिशनच्या इतिहासात कौतुकानं सांगतात. झाड देव नाही, हे मी मानतो. पृथ्वीला, समुद्राला विचारलं तर ती आपण देव नसून त्यानं केलेली आहोत असं सांगतात, हे ऑगस्टिननं लिहिलंय आणि मला ते पूर्ण मान्य आहे. पण देवी नाही म्हणून कुऱ्हाड चालवायला मोकळीक, ही पुढची पायरी ऑगस्टिनची नव्हे. भीती काढून टाकली, तर तिच्या जागी आपण काय ठेवलं?

एका देवराईच्या तोंडाशी भेटलेल्या म्हाताऱ्या बाबांनी हेच त्यांच्या रीतीनं विचारलं होतं. आम्ही चर्चची माणसं म्हटल्यावर ते म्हणाले, “तुमच्या देवाचंबी असं रान आसंल की कुटं?”

मी अस्सीसीच्या फ्रान्सिसची गोष्ट सांगितली. मठाच्या बागेतला एक तुकडा नांगरायचा नाही, तिथे रानफुलं आणि गवत आपोआप येऊ द्यायचं, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. पोप फ्रान्सिस यांनी 2015च्या परिपत्रकात ही आठवण काढली आहे. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “केवढा तुकडा?” वाफ्याएवढाच असावा. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

मराठी ख्रिस्ती साहित्याकडे याहून मोठं रान आहे, आम्ही तिकडे फिरकत नाही एवढंच. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये लिस्बनहून गोव्याला आला. पोचल्यावर बापाला लिहिलेल्या पत्रात त्यानं समुद्रावरचे पक्षी आणि उडणारे मासे यांचं वर्णन केलंय, आणि त्यात उपदेशाचा सूर फारसा नाही. बघणाऱ्याचा डोळा आहे. 1616 मध्ये छापलेल्या त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठीची थोरवी सांगताना त्याला फुलांतली मोगरी सुचली, ती याच डोळ्याला. रेव्हरंड टिळक तर फुलामुलांचे कवी म्हणूनच शाळेच्या पुस्तकांतून सगळ्या महाराष्ट्राला माहीत. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांना रानातल्या फुलाशी बोलायची सवय होती. आपल्या मंडळ्यांत त्यांची भजनं गातात. रानात जाऊन मात्र आपण लाउडस्पीकर लावतो. मुळशीच्या काठी हल्ली आमची पुष्कळ शिबिरं भरतात. गिटार, ड्रम, निर्माणकर्त्याची स्तुती, आणि जेवणानंतर तलावाच्या कडेला उडणाऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या. शीळकरी कस्तूर या पक्ष्याची पहाटेची शीळ ऐकायची असेल तर शिबिर संपण्याची वाट पाहावी लागते.

लुस्त्र गावी पौल आणि बर्णबा यांनाच देव समजून लोकांनी हार आणि बैल आणले, तेव्हा त्या दोघांनी कपडे फाडून गयावया केली आणि आकाशातून येणारा पाऊस आणि हंगामाची पिकं यांचा दाखला दिला. शास्त्र नाही, संदेष्टे नाहीत, नुसता पाऊस. पौलाचं हे सगळ्यात छोटं प्रवचन असेल. आंबेमोहोराच्या खाचरात उभ्या असलेल्या माणसाला ते स्पष्टीकरणाशिवाय कळतं.

गेल्या परीक्षेत मी प्रश्न घातला : ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायाच्या आधारे, ताम्हिणीत पडणारा पाऊस कुणासाठी आहे ते लिहा. बहुतेकांनी दोन-दोन पानं भरली. सृष्टीचा महिमा, मानवाची जबाबदारी, सगळं जागच्या जागी. एकानं एवढंच लिहिलं : कारवीसाठी, आणि उरला तर भिऱ्यासाठी. सहपरीक्षकांनी त्याला शून्य दिलं होतं. मी दहापैकी सात दिले, आणि ईयोबाचा आधार न दिल्याबद्दल तीन कापले.