आधी नोंद, मग अर्थ

दि. 30 जून 1908 रोजी सकाळी सायबेरियातील तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर आकाशातून आलेला एक प्रचंड पिंड हवेतच फुटला आणि सुमारे 2000 चौरस किलोमीटरवरील अरण्य आडवे झाले. त्याच दिवशी हजारो किलोमीटर दूर इंग्लंडमध्ये हवेचा दाब टिपणाऱ्या यंत्रांच्या कागदांवर काही बारीक लाटा उमटल्या. त्यांचे कारण तेथे कोणासही ठाऊक नव्हते. तरी ते कागद जपले गेले. 1927 मध्ये रशियन संशोधक कुलिक त्या उद्ध्वस्त अरण्यात पोहोचले आणि 1930 मध्ये हवामानशास्त्रज्ञ व्हिपल यांनी त्या जुन्या लाटांचा तुंगुस्काशी मेळ घातला. नोंद आणि अर्थ यांच्यामध्ये 22 वर्षे गेली होती.

सेकंदाला 20 पेक्षा कमी कंपने असलेला ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही. त्याला अवश्राव्य ध्वनी म्हणतात. हवेत तो फारसा विरत नाही, म्हणून खंड ओलांडून जातो. तो टिपणाऱ्या केंद्रात अनेक सूक्ष्म दाबमापके एकमेकांपासून काही अंतरावर मांडलेली असतात. लाट आधी कोठे पोहोचली व नंतर कोठे, या अल्पशा फरकावरून तिची दिशा कळते. दोन-तीन दूरच्या केंद्रांच्या दिशारेषा नकाशावर जेथे छेदतात, त्या परिसरात उल्का फुटली असे समजते. वाटेतले वारे लाटेला थोडे वळवितात. तेवढी दुरुस्ती हिशेबात धरावी लागते.

हे वाचताना मला वडिलांचा रोजमेळ आठवला. ज्या रकमेचा धनी कळत नसे, ती ते नफ्यात कधी धरीत नसत. तारखेसह उचंत खात्यात लिहून ठेवीत. त्यांच्या निधनानंतर एक वृद्ध बाई दिवंगत पतीची टिपणवही घेऊन पेढीवर आल्या. एका तारखेपुढे ‘दुकानी पाठविले’ एवढेच शब्द आणि रक्कम होती. आमच्या वहीत त्याच दिवशी तेवढीच रक्कम निनावी जमा होती. एकट्या आमच्या वहीवरून धनी सापडला नसता, एकट्या त्यांच्या वहीवरून पैसे मिळाले नसते. रक्कम मोठी नव्हती. पण ती स्वीकारताना बाईंनी वडिलांच्या तसबिरीला हात जोडले.

15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर उल्का फुटली. ती सूर्याच्या दिशेने आल्यामुळे कोणत्याही दुर्बिणीला आधी दिसली नव्हती. अणुचाचण्यांवर लक्ष ठेवण्यासाठी उभारलेल्या जागतिक जाळ्यातील 20 केंद्रांनी मात्र तिचा अवश्राव्य नाद टिपला. अंटार्क्टिकापर्यंत तो पोहोचला होता. या वेळी अर्थ लावणारी माणसे तयार होती. 1908 साली तशी कोणी नव्हती. न कळलेली लाट तेव्हा निरुपयोगी म्हणून टाकून दिली असती, तर पुढे व्हिपल यांच्या हाती मेळ घालण्यास काय उरले असते?